आधी ताण, मग गारवा, मग ऊन

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पण हापूसच्या बागायतदाराला त्या आकड्याशी फारसे घेणेदेणे नसते. त्याला जाणून घ्यायचे असते ते वेगळेच. पाऊस थांबला कधी? नवरात्रात उघडीप मिळाली, की दिवाळीचे आकाशकंदील भिजवून पाऊस गेला? जिल्ह्याची सरासरी अगदी ‘सामान्य’ भरावी आणि त्याच साली जानेवारी उजाडला तरी बागांत मोहोराचा पत्ता नसावा, असे होऊ शकते. हवामान बदलाविषयी बोलताना आपण बहुधा बेरजा आणि सरासऱ्या मांडतो: तापमान किती अंशांनी वाढले, पाऊस किती टक्के घटला. शेती आणि रान मात्र क्रमावर चालते. कशानंतर काय आले आणि किती दिवसांनी आले, याला तिथे मोल असते. हापूसचे झाड या बाबतीत कमालीचे हट्टी असल्यामुळे ही गोष्ट त्याच्याकडून जितकी स्पष्ट कळते, तितकी दुसऱ्या कुठल्या पिकाकडून क्वचितच कळेल.

पावसाळा सरता सरता, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात, हापूसला तांबूस पालवी फुटते. ही पालवी जून झाली, फांदीचे टोक पुरेसे वयात आले, की त्या टोकाच्या डोळ्यापुढे दोन वाटा असतात: पुन्हा पाने काढायची किंवा मोहोर काढायचा. कोणती वाट धरायची हे झाड मुख्यतः तीन गोष्टींवरून ठरवते. फांदी किती जुनी झाली, मुळांशी पाणी किती उरले आणि रात्री किती गार झाल्या. कोकणातला जांभा कातळ इथे कामाला येतो. त्यात पाणी फार काळ टिकत नाही. पाऊस थांबला की काही आठवड्यांतच मुळांना कोरडेपणा जाणवू लागतो, झाडाची वाढ थांबते आणि पानांनी केलेले अन्न फांद्यांत साठू लागते. बागायतदार याला ‘ताण बसणे’ म्हणतात. ताण बसलेल्या झाडाला नोव्हेंबर-डिसेंबरच्या गार रात्री मिळाल्या, की डोळा मोहोराच्या बाजूने झुकतो. आधी ताण, मग गारवा. ताण बसायच्या आत थंडी पडली तर तिचा उपयोग अर्धाच. ताण नीट बसला आणि मग नोव्हेंबरात एक जोरदार सर आली, तर बसलेला ताण मोडतो. झाड पुन्हा पालवी काढते, ती जून व्हायला अडीच-तीन महिने घेते आणि तोवर थंडीच सरलेली असते.

आता हे हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहा. भारतीय हवामान विभागाने २०२० साली मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. मुंबईतून पाऊस माघारी फिरण्याची तारीख आधी २९ सप्टेंबर होती, ती ८ ऑक्टोबर करावी लागली. नऊ दिवसांचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण ही सर्वसाधारण तारीख झाली. प्रत्यक्ष वर्षे तिच्या दोन्ही बाजूंना दूरदूर जातात. २०१९ मध्ये देशातून पावसाची माघार सुरू व्हायलाच ९ ऑक्टोबर उजाडला. इतका उशीर नोंदींत पूर्वी कधी झाला नव्हता. त्यावर ऑक्टोबरच्या अखेरीस ‘क्यार’ हे महाचक्रीवादळ किनाऱ्यापासून दूर, समुद्रातूनच पुढे गेले, आणि पाठोपाठ ‘महा’ आले. कोकणात भात आडवे झाले, लोंब्यांना शेतातच कोंब फुटले. आंब्याच्या बागांत त्या दिवशी डोळ्यांना दिसेल असे नुकसान काहीच नव्हते, उलट झाडे हिरवीगार होती. त्या हिरवाईचा अर्थ बागायतदारांना कळत होता. पुढच्या हंगामाचा आंबा उशिरा आला.

मोहोर आला म्हणजे आंबा आला, असेही नाही. एका तुऱ्यात हजारांवर फुले असतात आणि त्यांतली बहुसंख्य नुसती नर असतात. फळ धरू शकते ते फक्त द्विलिंगी फूल, आणि हापूसमध्ये त्यांचे प्रमाण मुळातच कमी. शिवाय ते हवेवर हलते: तुरा तयार होत असताना थंडी फार असली तर नर फुले वाढतात, हवा थोडी उबदार झाली की द्विलिंगी फुलांचा वाटा वाढतो. तापमान १५ अंशांच्या खाली रेंगाळले तर परागकणही दुबळे निपजतात. म्हणजे जी थंडी मोहोर फुटण्यासाठी हवी, तीच मोहोर फुलताना नकोशी होते. एवढ्या सगळ्यांतून शेवटी काढणीला येतो तो हजार फुलांमागे एखादाच आंबा.

परागीभवनाचे काम इथे प्रामुख्याने माश्या करतात. मधमाश्या येतात, पण आंब्याच्या मोहोरावर खरी वर्दळ साध्या माश्यांची. आता डिसेंबर-जानेवारीत अरबी समुद्रावर कुठे कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि चार दिवस मळभ राहिले, की काय होते ते पाहू. दमट, ढगाळ हवेत तुडतुडे झपाट्याने वाढतात. ते मोहोरातला रस शोषतात आणि त्यांच्या चिकट विष्ठेवर काळी कोळशी चढते. रात्रीचे दव आणि गारवा मिळाला तर मोहोरावर भुरी येते, पाऊस शिंपडला तर करपा. अलीकडच्या वर्षांत फुलकिड्यांनीही बागायतदारांना जेरीस आणले आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने मोहोर संरक्षणाचे फवारण्यांचे वेळापत्रक घालून दिलेले आहे. पण आज फवारणी केली आणि उद्या पाऊस आला तर ती धुऊन जाते, परत करावी लागते. फवारण्या वाढल्या की तुडतुड्यांबरोबर माश्याही मरतात. ढगाळ हवेने मोहोर जितका बिघडवला, त्याहून अधिक तो वाचवण्याच्या धडपडीत बिघडतो की काय, ही शंका मला रास्त वाटते. बागेतली ही साखळी फार छोटी आहे, हवा, कीड, औषध, माशी. पण हवामानाचा धक्का परिसंस्थेत कसा एका कडीतून दुसऱ्या कडीत जातो, ते तिच्यात पूर्ण दिसते.

आणि मग पुनर्मोहोर. बाहेरच्या माणसाला हा प्रकार सहसा ठाऊक नसतो. पहिल्या मोहोरावर फळे धरलेली असतात, वाटाण्याएवढी, काही सुपारीएवढी. अशा वेळी जानेवारी-फेब्रुवारीत थंडी परतली आणि आठवडाभर मुक्काम ठोकून बसली, तर त्याच फांदीवर, धरलेल्या फळांच्या शेजारी, नवा मोहोर फुटतो. झाडाच्या हिशेबी ही नवी थंडी म्हणजे फुलण्याचा नवा हुकूम. फांदीतले अन्न नव्या तुऱ्याकडे वळते आणि आधीची फळे पिवळी पडून गळतात. झाडाखाली गळलेल्या कण्यांचा सडा आणि वर ताजा मोहोर. रस्त्यावरून जाणारा पर्यटक त्या मोहोराचा फोटो काढतो. हा नवा मोहोर फळला तरी त्याचा आंबा मेअखेरीस येणार, म्हणजे भाव उतरलेले असताना आणि पावसाच्या तोंडावर. थंडी कमी पडली म्हणून नुकसान, हे समजायला सोपे आहे. थंडी दोनदा पडली म्हणून नुकसान होते, हे सरासरीतून कधीच दिसणार नाही. दोन थंड आठवड्यांमध्ये एक उकाड्याचा आठवडा आला असेल तर महिन्याची सरासरी उत्तम भरेल.

झाडाचा हा हट्ट मोडायचा प्रयत्न माणसाने केलेला आहेच. पॅक्लोब्युट्राझोल हे द्रव्य, ज्याला कोकणात सगळे ‘कल्टार’ म्हणूनच ओळखतात, जुलै-ऑगस्टमध्ये झाडाच्या बुंध्याभोवती मातीत देतात. झाडाच्या अंगात जिबरेलिन नावाचे वाढीचे संप्रेरक तयार होते, त्याची निर्मिती हे द्रव्य रोखते. पालवीचा जोर ओसरतो आणि मोहोर लवकर, भरघोस आणि दर वर्षी येतो. हापूस मुळात वर्षाआड फळणारा; तो दर वर्षी फळू लागला, आणि फेब्रुवारीत वाशीच्या बाजारात पहिल्या पेट्या पोचवून चढा भाव मिळवता येऊ लागला. गंमत पुढे आहे. पुनर्मोहोर रोखण्यासाठी विद्यापीठाची शिफारस आहे जिबरेलिक आम्लाच्या फवारणीची. म्हणजे पावसाळ्यात जे संप्रेरक अडवायचे, तेच हिवाळ्यात बाटलीतून मोहोरावर फवारायचे. दोन्ही उपाय शास्त्राला धरून आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी चालतात. पण मोहोर लवकर आणायचा म्हणजे त्याला ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या तोंडी द्यायचे, आणि पाऊस नेमका त्याच महिन्यांत घुटमळू लागला आहे. बाजाराने आंबा मागे ओढला, पावसाने पावसाळा पुढे ओढला.

फेब्रुवारी संपला की पाळी उन्हाची. कोकणच्या किनाऱ्याला दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे थंड ठेवतात. पण कधी कधी घाटावरून तापलेले पूर्वेचे वारे इतके जोरात येतात की खारा वारा दुपार उलटेपर्यंत किनाऱ्यावर पाऊलच टाकू शकत नाही, आणि पारा एकदम ३८-३९ अंशांवर जातो. हवामान विभाग किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा उंबरठा ३७ अंशांचा धरतो. सपाट प्रदेशात तो ४० आहे. विदर्भातल्या माणसाला ३८ अंश म्हणजे बरा दिवस, पण हापूसला दमट, सौम्य दुपारींची सवय. असे तीन-चार दिवस लागले की गोटीएवढी फळे गळतात आणि मोठी झालेली उन्हाकडच्या अंगाला भाजतात.

भाजलेला आंबा निदान दिसतो तरी. ‘साका’ दिसत नाही. वरून निर्दोष, सुगंधी हापूस कापावा आणि आत कोयीभोवती पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर निघावा, ही फसगत ज्यांनी हापूस विकत घेतला आहे त्यांना सांगायला नको. तापलेल्या जमिनीतून वर येणाऱ्या उष्णतेशी साक्याचा संबंध असल्याचे संशोधकांनी दाखवले. म्हणून झाडाखाली वाळलेल्या गवताचे, पाल्याचे आच्छादन घालायला सांगतात. बंगळूरुच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेतल्या कामातून आणखी एक धागा पुढे आला. फळ झाडावर असतानाच कोयीत रुजण्याच्या हालचाली सुरू होतात आणि कोय भोवतालच्या गराचे पाणी व सत्त्व ओढू लागते. फळ जितके झाडावर राहील, तितका हा धोका वाढतो. म्हणून जाणते बागायतदार पूर्ण पिकण्याची वाट न पाहता ‘चौदा आणे’ तयार आंबा उतरवतात. आणे चलनातून जाऊन साठ-पासष्ट वर्षे झाली, आंब्याच्या बागेत ते अजून चालतात.

त्याच फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात कातळापासून थोड्या अंतरावर, वेळासच्या आणि आंजर्ल्याच्या पुळणीत, ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाळूखाली उबत असतात. साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते: २९ अंशांच्या आसपास दोन्ही, त्याहून गरम झाली की माद्या अधिक, आणि फार तापली तर अंडी मरतात. २००२ पासून वेळासला चालू असलेल्या संवर्धनात अंडी उचलून कुंपणाच्या सुरक्षित जागेत पुरली जातात, कोल्ह्या-कुत्र्यांपासून ती वाचतात. उष्णतेला कुंपण नसते, सावली करावी लागते. कासवीण किनाऱ्यावर येते ती शेकडो पिढ्यांच्या सवयीने, थंडीत. अंडी घालणे महिनाभर लांबले तर उबवणीचा काळ सरळ एप्रिलच्या उन्हात जातो.

वादळांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांची बातमी होते आणि ती सगळ्यांपर्यंत पोचते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले की १९८२ ते २०००च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्र तापला, वादळांना इंधन मिळाले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर चढले आणि ताशी ११०-१२० किलोमीटरच्या वाऱ्याने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या वाड्या झोपवल्या. नारळ-सुपारीच्या वाडीत वरची झाडे खालच्यांना सावली देतात. सुपारीवर मिरवेल चढलेला असतो, आडोशाला जायफळ उभे असते. वरचे छत्र गेले की खालची उरलीसुरली झाडे पुढच्या उन्हाळ्यात करपतात. नारळ पुन्हा लावून फळायला सहा-सात वर्षे जातात, जुन्या कलमाची जागा भरून यायला त्याहून जास्त. देवरायांतले जुने ढोलीचे वृक्ष पडले, तर धनेशाला घरट्यासाठी दुसरी ढोली मिळायला किती काळ लागेल त्याचा हिशेब वर्षांत होणारा नाही. पुढच्याच वर्षी मे महिन्याच्या मध्यावर ‘तौक्ते’ किनारा घासून गेले आणि झाडावर उरलेला आंबा खाली आला.

मात्र २०२५ साली वादळाशिवायच आंब्याचा शेवट झाला. मोसमी पाऊस २५ मे रोजी देवगडपर्यंत पोचला, २६ला मुंबईत. मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची नोंद १९५० पासून नव्हती. मे हा उशिरा मोहोरलेल्या बागांचा आणि कॅनिंगच्या मालाचा महिना. डागाळलेला, भिजलेला आंबा काढण्यात अर्थ उरत नाही. भातवाल्यांची वेगळीच अडचण. कोरड्या जमिनीत पावसाआधी बी टाकायची धूळवाफ पेरणी करायला जमीन कोरडीच मिळाली नाही, आणि ओल्या जमिनीला वाफसा येईना. मग आलेला पाऊस पंधरवडाभर मंदावला. पहिल्या मोठ्या पावसात नदीतले मासे ओहोळातून उलटे चढत शेतात येतात आणि तिथल्या उथळ पाण्यात अंडी घालतात. कोकणात ही वलगण म्हणजे गावजेवणासारखा उत्साह. माशाला तारीख कळत नाही, पाण्याचा लोंढा कळतो. लोंढा आला, मासे चढले आणि मागून पाणीच आले नाही, तर अंडी घातलेली खाचरे आटतात. पाऊस पुढे कितीही पडला तरी ती वीण गेली ती गेली.

या सगळ्याला जुनी शेती कशी तोंड देत असे, ते भाताच्या खाचरांत अजून दिसते. हळवे भात लवकर कापणीला येते, गरवे नोव्हेंबरपर्यंत उभे असते, मधे निमगरवे. परतीचा पाऊस रेंगाळला तर हळव्याचे नुकसान, लवकर गेला तर गरव्याचे. दोन्ही एकदम बुडत नाहीत. आंब्यातही असे होते. रायवळ आंब्याची झाडे कोयीतून उगवलेली, म्हणून प्रत्येकाचा स्वभाव निराळा. एक नोव्हेंबरात मोहोरतो, शेजारचा फेब्रुवारीत, एकाला भुरी लागते आणि दुसऱ्याला नाही. हापूस मात्र कलमी. देवगडपासून पालघरपर्यंतची सगळी झाडे अनुवंशाने जवळजवळ एकच. हवेने चुकीचा इशारा दिला की सगळी एकदम चुकतात. कातळावरची बाग आणि खोल मातीतली बाग यांच्यात थोडा फरक पडतो, दक्षिणेचा आंबा आधी आणि रायगडचा नंतर येतो, तेवढीच काय ती विविधता. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेमुळे डोंगरउतारांवर हजारो हेक्टर हापूस आणि काजू उभा राहिला. त्यातून कोकणात पैसा आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याच काळात रायवळ मात्र तोडले जात होते आणि त्यांच्या फळ्यांची खोकी होऊन त्यांतून हापूस मुंबईला जात होता. हा सौदा मला महागात पडलेला वाटतो.

नुकसान भरून द्यायला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. त्याची रचना साधी आहे: महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर तापमान किंवा पाऊस ठरलेल्या मर्यादेपलीकडे, ठरलेले दिवस गेला, तर भरपाई मिळते. बागेत कुणाला पाहणीला यावे लागत नाही, हा तिचा मोठा गुण. पण पहिला प्रश्न अंतराचा. खाडीकाठचे केंद्र आणि त्याच मंडळातली डोंगरावरची बाग यांची हवा एक नसते. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. एकच थंड आठवडा मोहोराआधी आला तर वरदान, फळ वाटाण्याएवढे असताना आला तर गळ. केंद्रातले यंत्र दोन्हींची नोंद एकसारखीच करणार. हा फरक ओळखायचा तर त्या बागेत मोहोर कधी फुटला, फळ कधी धरले, याची तारीख हाताशी हवी. ती तारीख मिळणे अशक्य नाही. परदेशी आंबा पाठवणाऱ्यांना ‘मँगोनेट’ या नोंदणी प्रणालीवर बागेची नोंद करावी लागते आणि कुठल्या अवस्थेत कुठले औषध फवारले याची टिपणे ठेवावी लागतात. इतर बागायतदारांकडेही फवारणीची वही असतेच, कारण औषधवाल्याची उधारी तिच्यातच मांडलेली असते.